विरारच्या पुढची लोकल : प्रवाशांचे अनुभव

पश्चिम मार्गावरील लोकल विरारला संपते, असे मुंबईतील अनेकांना आजही वाटते. आम्हा पालघरकरांचा निम्मा प्रवास तेथून पुढे उरलेला असतो. एप्रिल 2013 मध्ये लोकल डहाणूरोडपर्यंत धावू लागली आणि वैतरणा, सफाळे, केळवेरोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव व डहाणूरोड ही आठ स्थानके उपनगरी नकाशावर आली. मात्र विरारपर्यंत किमान चार मार्गिका आहेत, तर पुढील सुमारे 64 किलोमीटरमध्ये लोकलला दोनच मार्गिका मिळाल्या आणि त्याही गुजरात, राजस्थान व दिल्लीकडे जाणाऱ्या गाड्यांबरोबर वाटून घ्याव्या लागल्या. तिसरी आणि चौथी मार्गिका टाकण्याचे काम हाती घेतलेले आहे. या पट्ट्यात रोज ये-जा केलेल्यांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत, अशी विनंती आहे. सुरुवात मीच करतो.

मी नव्वदच्या दशकात चर्चगेटजवळच्या एका कार्यालयात नोकरीला लागलो. तेव्हा सकाळी शटलने, म्हणजे विरारपर्यंतच जाणाऱ्या छोट्या पल्ल्याच्या गाडीने, विरार गाठायचे, पूल चढून फलाट बदलायचा आणि आधीच भरलेल्या लोकलमध्ये शिरायचे, हा क्रम ठरलेला होता. विरारच्या मुंबईकडील बाजूला तारेत 1500 व्होल्टचा डीसी प्रवाह आणि आमच्या बाजूला 25 किलोव्होल्टचा एसी प्रवाह असल्यामुळे तेव्हाची नेहमीची लोकल आमच्याकडे येऊच शकत नव्हती, ही गोष्ट मला नोकरीच्या सातव्या-आठव्या वर्षी एका मोटरमनने समजावून सांगितली; तोपर्यंत मी तिचे कारण केवळ राजकारणात शोधत होतो. 2012 च्या आरंभी चर्चगेट ते विरार हा भागही एसी प्रवाहावर आला आणि पुढल्या वर्षी लोकल दारात आली. त्याआधी संध्याकाळचा खरा आधार मुंबईहून सुरतेला जाणाऱ्या फ्लाइंग राणी या गाडीचा होता. तिच्या डबलडेकर डब्यात खालच्या मजल्यावर बसले की फलाटावरील माणसांचे फक्त पाय दिसत, आणि आमच्यातील काहीजण चपलांवरून ओळखीची माणसे सांगत. 2023 च्या जुलैमध्ये ते डबे काढले गेले, तेव्हा मी निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती, तरीही त्या आठवड्यात एकदा उगाचच स्थानकावर जाऊन उभा राहिलो.

सफाळ्याहून, परिचारिका

लोकल आली हे खरे, पण शहरातील माणसाला "लोकल चुकली" या शब्दांचा आमच्याकडील अर्थ समजावून सांगणे कठीण जाते. अंधेरीला गाडी चुकली तर माणूस चार मिनिटे मोबाइल पाहतो. सफाळ्याला चुकली तर तासाभराची, कधी त्याहून मोठी भरपाई करावी लागते. माझी पाळी सकाळी सातची असल्यामुळे पावणेचारला उठून डबा करायचा आणि काळोखातच घर सोडायचे, असे अकरा वर्षे चालले आहे. परतीच्या वेळी लांब पल्ल्याची गाडी पुढे काढण्यासाठी आमची लोकल बाजूला उभी केली जाते, तेव्हा घर एकाच स्थानकाच्या अंतरावर असूनही आपण अंधारात थांबलेलो असतो. मी त्या वेळेत भाजी निवडते. डब्यातील निम्म्या बायका तेच करतात. गवारीच्या शेंगा मोडण्याचा आवाज ऐकला की गाडी बराच वेळ हलणार नाही, असे समजावे.

वाढीवचा, सध्या वास्तव्य विरारला

वैतरणा आणि सफाळे यांच्यामध्ये खाडीवर 92 आणि 93 क्रमांकाचे दोन रेल्वेपूल आहेत, आणि त्या दोहोंच्या मधल्या बेटावर आमचे गाव आहे. माझ्या लहानपणी गावाला रस्ता नव्हता. शाळा, दवाखाना, बाजार यांपैकी कोठेही जायचे तर होडी किंवा पुलावरील अरुंद पत्रा, एवढेच पर्याय होते. गाडीचा आवाज आला की पुढचा आडोसा गाठायचा, दप्तर पोटाशी घट्ट धरायचे आणि पाठ कठड्याला टेकवायची, हे मला पोहण्याच्याही आधी शिकवले गेले. गाडीपेक्षा अधिक भीती गाडीतील भाविकांची वाटे. खाडी आली की ते दारातून नारळ आणि निर्माल्याच्या पिशव्या भिरकावत. पाण्यात टाकलेला नारळ पुलावरच्या माणसाला लागू शकतो, हे त्यांच्या गावीही नसे. आता मी स्वतः त्याच पुलावरून लोकलने जातो. कोणी पिशवी काढताना दिसले तर हात धरतो, त्यावरून दोनदा भांडणही झाले आहे.

बोरिवलीहून, तारापूर औद्योगिक वसाहतीत नोकरी

सर्वांचा प्रवास मुंबईकडेच होतो असे नाही, एवढेच नोंदवतो. आमच्यासारखे बरेचजण सकाळी उलट दिशेने बोईसरला उतरतात. उलटी दिशा म्हणजे रिकामी गाडी, असा समज असेल तर तो कृपया दूर करावा.

सातपाटीहून, खासगी कंपनीत लेखापाल

माझी आई गेली तीस वर्षे मासळी विकते. सातपाटीच्या बंदरावर पापलेट आणि बोंबील घ्यायचे, पाटी बर्फाने भरायची, टमटमने पालघर स्थानक गाठायचे आणि मालडब्यात जागा धरायची, असा तिचा दिवस पहाटे सुरू होतो. शटलच्या काळात विरारला पाटी उतरवून दुसऱ्या फलाटावर न्यावी लागे आणि उचलू लागणाऱ्याला दोन बोंबील द्यावे लागत. थेट लोकल सुरू झाल्यावर तिने सर्वप्रथम कोणता हिशेब केला असेल, तर या वाचलेल्या बोंबलांचा. मला नोकरी लागल्यापासून आम्ही दोघी एकाच गाडीने निघतो, परंतु ती मालडब्यात आणि मी महिलांच्या डब्यात बसते. पहिल्या महिन्यात मी तिच्याबरोबर बसण्याचा हट्ट केला होता. "कार्यालयात वास घेऊन जाऊ नकोस," असे म्हणून तिने मला पालघरच्या फलाटावरच पुढे पिटाळले, आणि मी निमूटपणे गेले, याची मला अजून लाज वाटते. ती बोरिवलीला उतरते. माझा डबा तिच्यासमोरून पुढे सरकतो, तेव्हा चुंबळ डोक्यावर ठेवता ठेवता ती खिडक्यांमध्ये मला शोधत असते. मी दिसले की हात करत नाही, फक्त पाटी उचलते.