मदत हवी आहे: तीन सिक्वेन्सर एका क्लॉकवर, 56 ला सम जुळेना

टिळकवाडीचा_नाद (बेळगाव)
मॉड्युलर सिंथमध्ये (सुटे मॉड्यूल वायरींनी जोडून वाजवायचं वाद्य) तीन अ‍ॅनालॉग सिक्वेन्सर, म्हणजे दर ठोक्याला एकेक ठरलेला सूर देणारे, एकत्र लावलेत. एक 8 स्टेपचा, एक 7 चा, एक 4 चा. क्लॉक (ठोके देणारा सिग्नल) एकच, मल्टमधून (एका सिग्नलच्या अनेक वाटा करणारं मॉड्यूल) तिघांना दिलाय. दर 56 ठोक्यांनी तिघं पहिल्या स्टेपवर यायला पाहिजेत, येईनात. 7 वाला मधेच ठोका गाळतो आणि पुढचं सगळं सरकतं. शनिवारी वाजवायचंय. लवकर सांगा.

निपाणीकर_पॅच
रीसेट, म्हणजे परत पहिल्या स्टेपवर नेणारा सिग्नल, कुठून दिलायस? माझ्याकडं हेच झालेलं. रीसेट आणि क्लॉक एकदम पोचले की काही मॉड्यूल पहिल्या स्टेपवर जातात आणि त्याच ठोक्यानं लगेच दुसरीवर. रीसेट दोन-तीन मिलिसेकंद उशिरा पाठव, जागेवर येतंय.

टिळकवाडीचा_नाद
बाहेरून रीसेट दिलेलाच नाही.

खानापूर_रानवाट
मल्ट पॅसिव्ह (नुसत्या तारा जोडलेला) असणार. बफर्ड (सिग्नलला आतून जोर देणारा) घे, प्रश्न मिटला.

निपाणीकर_पॅच
क्लॉकला बफर कशाला? पिचच्या व्होल्टेजला लागतो. तिथं एक सेमिटोन म्हणजे जेमतेम 83 मिलिव्होल्ट, थोडं पडलं तरी सूर उतरतो. क्लॉकचं नुसतं वर-खाली कळलं की पुरे.

खानापूर_रानवाट
ते वर-खाली समोरच्याला कळतंय कशावरून? मी दोन वर्षं पॅसिव्हवर डोकं फोडून घेतलंय, म्हणून सांगतोय.

कॅम्पातला_सर्किट
व्हीसीव्ही रॅक, मॉड्युलरचं सॉफ्टवेअर, लॅपटॉपवर फुकट मिळतंय. शंभर सिक्वेन्सर लाव, एक ठोका चुकणार नाही.

टिळकवाडीचा_नाद
लॅपटॉपचं विचारलंच नाही मी.

शहापूरचे_तबलाकाका
बाळ, तुझा 7 म्हणजे रूपक आणि 8 म्हणजे केरवा. रूपकाची सम 'खाली'वर, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडायच्या जागी असते, म्हणून नवख्याचा कान तिथं हमखास फसतो. कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीचे, 1924 चा जन्म. त्यांच्या गावाजवळ राहून ताल यंत्रावर सोडू नये असं मला मनापासून वाटतं. क्लॉक सावकाश कर, हातावर मोज आणि कितव्या ठोक्याला चुकतं ते सांग.

टिळकवाडीचा_नाद
काका, मोजलं. ठरावीक जागा नाही. कधी 12 व्याला, कधी 31 व्याला. सावकाश केलं तरी तेच. सांगायचं राहिलं, 7 वाला मीच घरी केलाय, 4017 या ठोके मोजणाऱ्या चिपवर. पिन 6 वरून 15 ला रीसेट.

चिकोडी_सोल्डर
हे आधी सांगायचं की! 7 स्टेपचं वायरिंग बरोबर आहे. 4017 ला सप्लाय किती? क्लॉक किती व्होल्टचा?

टिळकवाडीचा_नाद
सप्लाय रॅकचाच, 12. क्लॉक 5.

चिकोडी_सोल्डर
मग सापडलं. 12 वर चालणाऱ्या 4017 ला 'वर' म्हणजे साधारण साडेआठ व्होल्ट लागतात. तुझे 5 व्होल्ट मधेच लोंबकळतात, चिपला कधी दिसतात, कधी नाही. बाकी दोन विकतचे, त्यांच्या आत क्लॉक उचलायची सोय असणार, म्हणून ते चुकत नाहीत. 7805 (12 चे 5 व्होल्ट करणारा रेग्युलेटर) लावून 4017 ला 5 व्होल्ट दे.

निपाणीकर_पॅच
त्यापेक्षा एक ट्रान्झिस्टर टाकून क्लॉकच 12 वर उचलावा.

चिकोडी_सोल्डर
एका ट्रान्झिस्टरनं क्लॉक उलटा होतो. ठोका पल्सच्या शेवटी पडेल आणि 7 वाला कायम मागं राहील. दोन लागतील. 7805 सोपा. फक्त उद्या कुणी 10 व्होल्टचा क्लॉक खुपसला तर चिप जाऊ नये म्हणून क्लॉकच्या पिन 14 च्या आधी 100 के चा रेझिस्टर घाल.

खानापूर_रानवाट
म्हणजे क्लॉक कळत नव्हताच. बफर्ड मल्टनं गेलं नसतं, मान्य.

टिळकवाडीचा_नाद
खडेबाजारातून 7805 आणला, आत्ताच लावला. 56 चे चार फेरे मोजले, चारही वेळा तिघं एकदम पहिल्या स्टेपवर. चौथ्या वेळी आईपण दारात येऊन उभी राहिली. चिकोडी, लई उपकार झाले. पण 7 वाल्याच्या सूर लावायच्या नॉबवर आता 12 च्या जागी 5 च व्होल्ट येतात, त्यामुळं सातही सूर खाली आलेत. ते परत लावायला बसतोय.

शहापूरचे_तबलाकाका
तंबोरा समोर ठेवून लाव.