मेलिफेरा मधमाश्यांची एक पेटी पावसाळ्यात फार चवताळते. हातमोजे कोणते घ्यावेत?

मुळशीची_माशी
पिरंगुटजवळच्या शेतावर मेलिफेराच्या (युरोपीय मधमाशी) दहा चौकटींच्या ६ पेट्या आणि सातेरीच्या (देशी मधमाशी) २ आहेत. बाकी पेट्या ठीक आहेत, पण मेलिफेराची एक पेटी जून संपल्यापासून झाकण उचलताच बुरख्यावर आदळायला लागते. उघडून बंद केल्यावरही माश्या वीस-पंचवीस मीटर पाठलाग करतात. चौकटीत अंडी दिसतात, म्हणजे राणी आहे. साखरेचा पाक सकाळी देते.

हातमोजे कोपरापर्यंतचे, शेळीच्या चामड्याचे आहेत. बोटं जाड होतात, चौकट धरताना माश्या चिरडतात आणि मनगटावरच्या जाळीतून डंख बसतात. नायट्राइल घ्यावेत, भांडी घासायचे रबरी चालतील की चामड्याचेच आणखी जाड घेऊ? धूर किती द्यावा हेही सांगा.

कारवी
मोज्यांचं नंतर बघू. जुलैत मुळशीच्या पट्ट्यात मेलिफेराला बाहेर फारसं काही मिळत नाही. जांभूळ, करंज कधीच संपलेले असतात, फुललेल्यातला मकरंदही पाऊस धुऊन नेतो. ज्या वयस्क माश्या एरवी दिवसभर बाहेर असतात त्या पेटीतच अडकतात, आणि डंख मारायला सगळ्यात तयार त्याच असतात. त्यात सकाळी दिलेल्या पाकाचा वास शेजारच्या पेट्यांना लागतो आणि लुटालूट सुरू होते. दारात माश्या एकमेकींना धरून लोळताना दिसतात का? झाकणाच्या फटीभोवती घोटाळतात का? तसं असेल तर ही पेटी स्वभावाने वाईट नाही, ती दिवसभर पहारा देते आहे.

आधी दार दोन-तीन माश्या मावतील इतकं, म्हणजे साधारण २ सेंमी ठेवा. झाकणाच्या फटी बुजवा. पाक वजनाने साखर एक भाग, पाणी एक भाग असा करा आणि माश्या परतल्यावर संध्याकाळी पेटीच्या आतच द्या. एक थेंबही बाहेर सांडू नका. सगळ्या पेट्यांना एकाच संध्याकाळी द्या, नाहीतर उपाशी पेटी भरलेल्या पेटीवर जाते. स्टँडही तपासा. रात्री बेडूक दाराशी बसून माश्या टिपत असतील किंवा मुंग्या चढत असतील, तर सकाळी पेटी आधीच तापलेली मिळते. पेटी जमिनीपासून हात-दीड हात उंच हवी आणि स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत.

आता उघडायची पद्धत. पावसाची उघडीप असेल त्या दिवशी ११ ते २ च्या दरम्यान, ऊन असताना उघडा. वयस्क माश्या तेव्हा बाहेर असतात. स्मोकरमध्ये खाली पेटलेली गोवरी, वर गोणपाट किंवा नारळाचा काथ्या, आणि सगळ्यात वर मूठभर हिरवं गवत. धूर पांढरा आणि थंड हवा. उघड्या तळहातावर सोडून बघा, चटका लागला तर माश्यांनाही लागतो. दारात दोन-तीन हलके झोत, मग पूर्ण दोन मिनिटं थांबा. हे थांबणं बहुतेक जण विसरतात. धुराने माश्या मध पोटात भरायला लागतात आणि धोक्याच्या गंधाकडे त्यांचं लक्ष कमी जातं, पण त्याला वेळ लागतो. नंतर झाकणाचा एक कोपरा उचलून आत एक झोत.

उभं राहायचं बाजूला किंवा मागे, दारासमोर नाही. कडेची चौकट आधी बाहेर काढून ठेवा, म्हणजे बाकीच्या सरकवायला जागा होते. चौकट सरकवून सुटी करा, मगच सरळ वर उचला. तिरकी काढली की शेजारच्या पोळ्यावरच्या माश्या घासून मरतात आणि त्यांच्या नांगीपाशी साठलेला पिकल्या केळ्यासारखा वास पेटीभर पसरतो. पुढचा सगळा गोंधळ त्या वासाचा. (पेटीवर जाण्याआधी केळं खाऊ नये म्हणतात ते यामुळेच.) पावसाळ्यात दहा मिनिटांत आटपा, अंडी दिसली की राणी शोधत बसायची गरज नाही.

इतकं करूनही सहांपैकी ही एकच पेटी ऑक्टोबरात, फुलोरा चांगला असताना, अशीच वागली तर राणी बदला. जुन्या राणीच्या कामकरी माश्या संपून नव्या राणीच्या माश्या भरायला सहा ते आठ आठवडे जातात, त्याआधी निकाल लावू नका.

बोहरी_आळी
मोज्यांबद्दल मी लिहितो. आणखी जाड चामडं घेऊ नका. बोटांच्या टोकाला रिकामी जागा राहिली की तिथेच माशी चिरडते, आणि तुमचा मूळ त्रास तोच आहे. निवडताना एकच परीक्षा: मोजा घालून टेबलावरचं रुपयाचं नाणं उचलता आलं पाहिजे.

नायट्राइल ०.१५ ते ०.२ मिमी जाडीचे घ्या, फिकट रंगाचे. दवाखान्यातले पातळ फाटतात. डंख यातून आरपार जाऊ शकतो, मात्र गुळगुळीत पृष्ठभागावर माशीला नीट पकड मिळत नाही आणि तुमचा हात हलका राहतो, त्यामुळे डंखांची संख्या उतरते. घाम खूप येतो. आतून पातळ सुती मोजे घालता येतात, पण मग नाण्याची परीक्षा परत घ्या.

भांड्यांचे रबरी मोजे लोक हसण्यावारी नेतात. माझ्या मते पेटी तपासायला हाच सगळ्यात चांगला सौदा आहे: नायट्राइलपेक्षा जाड, मनगटाच्या वरपर्यंत येणारे, साबणाने धुता येणारे. एक माप लहान घ्या म्हणजे बोटं घट्ट बसतात. मेलिफेराचा प्रोपोलिस (फटी बुजवायला माश्या गोळा करतात तो झाडांचा चीक) मात्र चिकटतो. त्याने चिकट झालेल्या बोटांना माश्या ओढल्या जातात, म्हणून मधूनमधून ओल्या फडक्याने पुसा.

मनगटाचा उपाय सोपा आहे. बाही मोज्याच्या आत घाला आणि वरून रुंद इलॅस्टिक. जाळीचा पट्टा त्वचेला टेकतो तिथेच डंख लागतो; आतून जाड कापडाची पट्टी शिवून घ्या.

तुमचे चामड्याचे टाकू नका. मध काढताना आणि रात्री पेट्या हलवताना तेच बरे. आधी त्यांच्यात अडकलेल्या नांग्या चिमट्याने काढा, त्या राहिल्या की वास राहतो. हातात घालूनच कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा, सावलीत वाळवा. उन्हात वाळवले तर पापडासारखे कडक होतात. रबरी आणि नायट्राइलच्या मोज्यांना लिटरभर पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा पुरतो.

सातेरीवाला
वरचं सगळं मेलिफेराचं झालं. सातेरीला इतका धूर दिलात तर ती पोळी सोडून कोपऱ्यात गोळा होते, आणि फार छळलंत तर गृहत्याग करते. तिला झाकणाखाली एक हलका झोत पुरे, पुष्कळदा तोही लागत नाही. झाकण उघडल्यावर एकदम फुत्कारल्यासारखा आवाज येतो, त्याला घाबरून झाकण आपटू नका.

सातेरी प्रोपोलिस गोळा करत नाही, म्हणून नायट्राइल तिच्यासाठी अगदी योग्य. मेलिफेराच्या पेटीवरून डंख खाल्लेले मोजे तसेच घेऊन तिच्याकडे जाऊ नका. आधी सातेरी, मग शांत मेलिफेरा, चवताळलेली पेटी शेवटी.

मुळशीची_माशी
दारात लुटालूट आहे, आज बघितली. झाकणाला एका कोपऱ्यात फटही आहे. मोज्यावर डंख बसला तर लगेच मोजा काढायचा का?

कारवी
नाही. नखाने किंवा हाइव्ह टूलच्या (पेटी उघडायच्या पट्टीच्या) कडेने नांगी लगेच खरवडून टाका. विषाची पिशवी नांगीबरोबर राहून आत विष ढकलत असते, त्यामुळे कशी काढता यापेक्षा किती लवकर काढता ते महत्त्वाचं. मग त्या जागेवर धुराचा झोत द्या, वास दबतो. एका जागी तीन-चार बसले तर पेटी बंद करा आणि झाडीतून चालत लांब जा, पळू नका.

अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा चेहरा सुजला, श्वास अडकला किंवा चक्कर आली तर थांबून बघायचं नाही, १०८ ला फोन. पिरंगुटला शेतावर एकट्या जात असाल तर फोन सूटच्या बाहेरच्या खिशात ठेवा, आणि तो मोजा घालून उचलता येतो का तेही एकदा बघून घ्या.