गणेशोत्सव प्रदर्शन: मँझनारच्या फलकाचं शीर्षक

प्रेषक: युवा समिती

मंडळी, नमस्कार.

मागच्या शनिवारी आपल्या युवा गटाची, कॅलिफोर्नियातल्या मँझनारच्या जुन्या युद्धकाळातल्या छावणीची सहल झाली. चौदा मुलं, चार गाड्या. मोहावेच्या पुढे नेटवर्क गेलं आणि एक गाडी चुकली, ती लोन पाइनच्या पेट्रोल पंपावर सापडली. थालीपिठांचा डबा तिच्यातच होता, त्यामुळे शोध जरा जोरात झाला.

ज्यांना जमलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धात, जपानशी लढाई चालू असताना, १९ फेब्रुवारी १९४२ ला अध्यक्ष रूझवेल्टनी ९०६६ क्रमांकाच्या हुकमावर सही केली आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं, दुकानं, शेतं सोडून जावं लागलं. सगळे मिळून एक लाख वीस हजारांच्या आसपास, त्यातले दोन-तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक. त्यांना कोंडायला दहा छावण्या होत्या, त्यातली मँझनार आपल्याला सगळ्यात जवळची. स्पॅनिशमध्ये मँझनार म्हणजे सफरचंदांची बाग. आता तिथे धूळ आणि वारा आहे, मागे माउंट विल्यमसन. एका वेळी दहा हजारांवर माणसं तिथे राहत होती, ३६ ब्लॉकांत.

आपल्या मुलांना सगळ्यात भावली ती ब्लॉक ७ मधली हायस्कूल. सुरुवातीला बाकं नाहीत, पुस्तकं नाहीत, पोरं जमिनीवर बसायची. आणि तरीही तिथे विद्यार्थी मंडळ होतं, 'कँपस पेपर' नावाचं शाळेचं वर्तमानपत्र होतं, गायनाचा गट होता, बॅटन फिरवणाऱ्या मुली होत्या, नाटकं होती, १९४३-४४ चं 'अवर वर्ल्ड' नावाचं इयरबुक, म्हणजे शाळेचं वर्षभराच्या फोटोंचं पुस्तक होतं. १९४४ मध्ये छावणीतल्याच लोकांनी बांधलेलं सभागृह अजून उभं आहे, पाहुण्यांचं केंद्र त्यातच आहे. आमच्या पोरांनी त्याच्या लाकडी जमिनीवर मांडी ठोकून थालीपीठ खायचा घाट घातला होता, रेंजरबाईंनी हसत बाहेरचं टेबल दाखवलं.

गणेशोत्सवातल्या मुलांच्या प्रदर्शनात यावर एक फलक करतोय. शीर्षक सुचवलंय: "काटेरी कुंपणातली हसरी शाळा". सूचना कळवा.

———

प्रेषक: टॉरन्सचे काका

सहल छान झाली, मुलांचं कौतुक. पण 'हसरी' या शब्दाला माझी हरकत आहे, आणि ती म्हाताऱ्याची किरकिर समजू नये.

इयरबुकात रडका फोटो कोण देतं? हसणं बघून शाळा हसरी होती असं ठरवायचं, तर माझ्या लग्नाच्या अल्बमवरून आमच्या घरात कधी भांडणच झालं नाही असं ठरेल.

ते फोटो काढले कोणी ते बघा. तोयो मियाताके, लॉस एंजेलिसमध्ये स्वतःचा स्टुडिओ असलेला माणूस. छावणीत कॅमेरा आणायला बंदी, म्हणून त्याने भिंग लपवून आणलं आणि सुताराकडून लाकडी पेटी करून घेऊन तिचा कॅमेरा केला. पुढे त्याला अधिकृत परवानगी मिळाली, पण सुरुवातीला कशी? त्याने चौकट लावायची, उजेड बघायचा, आणि बटण मात्र गोऱ्या माणसाने दाबायचं! पन्नास वर्षं फोटोग्राफीचा नाद आहे मला, याहून मोठा अपमान मला सुचत नाही.

दुसरं. १९४३ च्या फेब्रुवारीत सतरा वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांना एक प्रश्नावली भरायला लावली. २७ वा प्रश्न, सैन्यात जाल का. २८ वा, अमेरिकेशी बिनशर्त निष्ठेची शपथ घेता का आणि जपानच्या सम्राटाशी असलेली निष्ठा सोडता का. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेल्या पोराने जी निष्ठा कधी धरलीच नाही ती सोडायची कशी? 'हो' म्हटलं तर आधी होती असं कबूल केल्यासारखं, 'नाही' म्हटलं तर देशद्रोही. बारावीतली पोरं ही! नागरिकशास्त्राच्या तासाला राज्यघटना शिकायची आणि घरी येऊन आईबापांबरोबर या कागदावर डोकं फोडायचं.

म्हणून म्हणतो, क्लब होते हे खरं, पण प्रशासनालाही ते हवेच होते. पोरं गुंतलेली राहावीत, पक्की अमेरिकन होऊन बाहेर पडावीत. हे फलकावर यायला हवं.

१९४५ चं शेवटचं इयरबुक 'व्हॅलेडिक्शन'. त्यात मियाताकेंचाच एक फोटो आहे: मागे पहाऱ्याचा मनोरा, पुढे काटेरी तार, आणि तार कापायची पकड तारेवर धरलेला एक हात. शाळेच्या इयरबुकात! फलकावर तो लावा.

———

प्रेषक: मिनूची आई

काकांचं पटलं. मी चार गाड्यांपैकी हरवलेल्या गाडीत होते, त्यामुळे मुलांबरोबरची पहिली फेरी हुकली, पण नंतर मिनूबरोबर बराकी पाहिल्या.

वीस फूट रुंद, शंभर फूट लांब बराक, तिच्यात चार खोल्या. एका खोलीत एक कुटुंब, कधी कधी दोन. ओलं लाकूड वाळून आक्रसलं की फळ्यांत फटी पडायच्या आणि रात्रभर धूळ आत. मिनूला मात्र संडासांनी गप्प केलं. ओळीने मांडलेले, मधे आडोसा नाही. छावण्यांमधल्या बायका-मुली कोणी नसेल म्हणून मध्यरात्री जायच्या, काही जणी आडोशाला पुठ्ठ्याचं खोकं घेऊन. पंधरा-सोळा वर्षांच्या मुली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत केस नीट विंचरून बॅटनची प्रॅक्टिस. हे कळल्यावर मला ते फोटो वेगळेच दिसायला लागले. ते विंचरलेले केस म्हणजे 'काही होत नाहीये' असं नव्हतं.

आणि एक बाळबोध प्रश्न. आम्ही या वर्षी मिनूच्या इयरबुकला शंभरावर डॉलर मोजले. तिथे महिन्याचा पगार बारा, सोळा, फार तर एकोणीस डॉलर, तोही डॉक्टर असलात तरी. त्यातून पोरांनी छापील इयरबुक काढलं. फलकावर हे तीन आकडे नुसते लिहिले तरी पालक थांबून वाचतील.

———

प्रेषक: कोल्हापूरकर

मंडळी, मँझनारला चार तास गाडी हाकलीत, पण आमच्या वळिवड्याचं नाव कोणीच कसं काढत नाही राव?

त्याच युद्धात, १९४३ पासून १९४८ पर्यंत, कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश लोकांची छावणी होती. पाच हजारांच्या आसपास, बहुतेक बायका आणि मुलं. स्टालिनने सायबेरियाकडे हाकललेली, तिथून इराणमार्गे आपल्याकडे आलेली. पंचगंगेच्या काठी त्यांची चर्च, थिएटर, दवाखाना, प्राथमिक शाळा, हायस्कूल, आणि स्काउट-गाइड तर जोरात. जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेबांनी, म्हणजे तिथल्या महाराजांनी, जी पोलिश पोरं सांभाळली, त्यातली बरीच १९४६ ला इकडंच आली. आज वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे.

ते गेल्यावर त्याच जागेत फाळणीतले सिंधी लोक आले. तेच आपलं गांधीनगर. आमच्या घरात दिवाळीचं कापड कायम तिथलंच. आई गठ्ठ्यातलं पोत बघत तासभर घासाघीस करायची आणि मी बाहेर चुळबुळत उभा. त्या गल्लीत कधीकाळी पोलिश पोरांची स्काउटची रांग लागत होती, हे मला कळलं ते अमेरिकेत आल्यावर. लाज वाटली.

फलकात अर्धी जागा वळिवड्याला द्या. मुलांना आपलंही काहीतरी कळू दे.

———

प्रेषक: टॉरन्सचे काका

कोल्हापूरकर, वळिवडं हवंच, पण वेगळ्या फलकावर. शेजारी-शेजारी लावलं की लोक 'दोन्हीकडे छावणी, दोन्हीकडे स्काउट' म्हणून मान डोलावून मोदकांकडे वळतील.

वळिवड्याची मुलं पाहुणी होती. पोलिशमध्ये शिकत होती, पोलिश गाणी म्हणत होती, कारण घरी परत जायचं होतं. (बहुतेकांना जाता आलं नाही, ती आणखी वेगळी गोष्ट.) मँझनारची पोरं घरीच होती. त्यांच्याच देशाने त्यांना कोंडलं होतं आणि तिथे ती झेंड्यापुढे हात छातीवर ठेवून 'सर्वांना स्वातंत्र्य आणि न्याय' म्हणत होती. एका ठिकाणी क्लब आपलं गाव विसरू नये म्हणून, दुसऱ्या ठिकाणी आपण इथलेच हे दाखवायला. एकच स्काउटचा रुमाल, गाठ वेगळी.

———

प्रेषक: सॅन होजेहून बदलून आलेला

रुमालावरून आठवलं. सॅन होजेच्या ज्या विमानतळावर आपण नातेवाइकांना घ्यायला जातो, तो ज्यांच्या नावाचा आहे ते नॉर्मन मिनेटा वायोमिंगच्या हार्ट माउंटन छावणीत होते. घर सोडताना कब स्काउटचा गणवेश घालून गाडीत चढले, हातात बेसबॉलची बॅट. ती शिपायांनी काढून घेतली, हत्यार म्हणून.

छावणीतल्या स्काउटांनी आसपासच्या पथकांना बोलावणं धाडलं तर कोणी येईना. कोडी गावचं पथक मात्र आलं. त्यातला अ‍ॅलन सिम्पसन आणि मिनेटा एका तंबूत. पावसाचं पाणी वळवायला तंबूभोवती चर खणला, तो असा की पाणी थेट खालच्या तंबूत, जिथे सिम्पसनचा एक नावडता पोरगा होता. तंबू बसला खाली! पुढे एक डेमोक्रॅट खासदार, दुसरा रिपब्लिकन सेनेटर, आणि १९८८ च्या माफीच्या आणि वीस हजार डॉलर भरपाईच्या कायद्याला दोघेही पाठीशी.

काका, तेवढं एक हसू फलकावर राहू द्या.

———

प्रेषक: सरचिटणीस

सर्वांचे आभार, आता आवरतं घेऊया. हॉलवाल्याने एकच भिंत दिली आहे.

१. दोन फलक, मँझनार आणि वळिवडं. वळिवड्याचा मजकूर कोल्हापूरकरांनी गुरुवारपर्यंत द्यावा, दोनशे शब्द, त्यात आईची कापडखरेदी असली तरी चालेल.
२. पकडीचा फोटो वापरायचा तर परवानगी काढावी लागेल, नेटवरून उचलायचा नाही. काका पत्र लिहितील.
३. शीर्षकाचं मुलांना विचारलं. मिनूचं म्हणणं, विशेषणच काढून टाका. बाकीच्या तेरा जणांनी हात वर केले. तेव्हा शीर्षक: "ब्लॉक ७ ची शाळा".

छपाईवाल्याला फाइल देण्याआधी कोणीतरी 'ळ' तपासा. गेल्या वर्षी त्याने आपल्या बॅनरवर 'मराठी मंडल' छापलं होतं आणि ते पाचही दिवस तसंच लटकत होतं.