मदत हवी आहे: तीन जागी खेळणाऱ्या कॉलेज बेसबॉलपटूच्या अहवालात मुख्य जागा कोणती धरावी?

अमेरिकन कॉलेजातल्या तिसऱ्या वर्षाच्या खेळाडूचा ड्राफ्टसाठी (व्यावसायिक संघांची खेळाडू निवड) अहवाल लिहायचाय, नेहमीच्या २०-८० मोजपट्टीवर (५० म्हणजे सरासरी). उजव्या हाताचा फलंदाज. सेकंड बेस, थर्ड बेस (दोन्ही इनफिल्डमध्ये, म्हणजे बेसजवळच्या भागात) आणि सेंटर फील्ड (मागच्या मैदानाची मधली जागा) तिन्हीकडे खेळतो. होम ते फर्स्ट (फटका मारून पहिल्या बेसपर्यंत धावायला) ४.२५ सेकंद, म्हणजे वेग सरासरीपेक्षा किंचित बरा. फेकीचा जोर ५० चा. पण थर्डवर बंट (बॅटने हलकेच थोपवलेला चेंडू) उचलून धावता धावता फेकताना कोपर खाली जातं आणि चेंडू फर्स्टपासून बाजूला भरकटतो. तिथे ४५ च्या वर द्यायला मन धजत नाही.

खरी अडचण बॅटची. कॉलेजात धातूची बॅट चालते, त्यामुळे आतल्या चेंडूवर हात अडकले तरी फटका इनफिल्डपार जातो. लाकडी बॅटने तोच मुठीजवळ लागून हवेत उडतो. केप कॉडच्या उन्हाळी लीगमध्ये लाकडी बॅटनेच खेळतात, पण तिथे त्याला मोजकीच संधी मिळाली. एवढ्याशा नमुन्याला किती वजन द्यावं?

आणि कृपया तुलनेला बेन झोब्रिस्टचं (अनेक जागी खेळून गाजलेला खेळाडू) नाव नको. तो २००४ ला ड्राफ्टच्या सहाव्या फेरीत गेला, पण त्याचं भांडवल वॉक (चार वाईट चेंडू सोडून फुकट मिळणारा पहिला बेस) काढणारी नजर होती. माझा खेळाडू बाहेरच्या स्लायडरवर (ऐनवेळी बाजूला वळणारा चेंडू) बॅट फिरवतो. सेकंड बेस धरून मोकळं व्हावं, की सेंटर फील्ड?