शब्दचर्चा : ‘माघार’, ‘निष्कासन’ की ‘तडीपारी’?

नौपाडा, ठाणे : युरोप परिषद म्हणजे मानवी हक्कांसाठी काम करणारी युरोपातल्या देशांची संघटना. रशियाचं तिच्यातलं सदस्यत्व २०२२ मध्ये संपलं. त्यावरच्या मराठी मजकुरात ‘माघार’, ‘निष्कासन’ (म्हणजे हकालपट्टी), ‘तडीपार’ असे तिन्ही शब्द आळीपाळीने दिसतात. ठाण्यात तडीपारीच्या बातम्या नेहमीच्याच, त्यामुळे तो शब्द चटकन सुचतो. पण इथे चालेल का?

वाशी : नाही चालणार. महाराष्ट्र पोलीस अधिनियमातली तडीपारी जास्तीत जास्त दोन वर्षांची. मुदत सरली की माणूस आपल्या पायांनी घरी येतो. परिषदेतून गेलेल्या देशाला नव्याने प्रवेश घ्यावा लागतो. ग्रीसने १९६९ मध्ये अंग काढून घेतलं, ते १९७४ मध्ये पुन्हा सदस्य झालं.

‘माघार’ आणि ‘निष्कासन’ यांत मात्र तारखांचा मोठा फरक आहे. रशियाने १५ मार्च २०२२ रोजी परिषदेच्या सनदेतल्या कलम ७ खाली माघारीची सूचना दिली. ती वर्षअखेरीस लागू झाली असती. दुसऱ्याच दिवशी परिषदेच्या मंत्री समितीने (सदस्य देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या समितीने) कलम ८ वापरून सदस्यत्व तात्काळ संपवलं. म्हणून ‘निष्कासन’ हाच शब्द. आधीचं २५ फेब्रुवारीचं ‘निलंबन’ वेगळं. त्यात प्रतिनिधित्व थांबलं, बंधनं कायम राहिली.

आणि कृपया ‘युरोपीय परिषद’ लिहू नका. ती युरोपीय संघाची. युरोपीय मानवी हक्क करार मोडल्याच्या तक्रारी ऐकणारं मानवी हक्क न्यायालय ‘युरोप परिषदे’चं, फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला.

ऐरोली : सगळ्यात जास्त घोळ ‘पक्षकार’ या शब्दाने होतो. ‘रशिया आता पक्षकार नाही’ असं वाचल्यावर वाटतं, खटलेच संपले. रशिया त्या मानवी हक्क कराराचा सहभागी देश १६ सप्टेंबर २०२२ पर्यंत होता, सदस्यत्व गेल्यावरही सहा महिने. त्या तारखेपर्यंतच्या कृत्यांवर न्यायालयाचा अधिकार आजही आहे; तेव्हा १७ हजारांहून अधिक अर्ज प्रलंबित होते. त्या खटल्यांत रशिया प्रतिवादी पक्षकार आहेच. करारासाठी ‘सहभागी देश’, खटल्यासाठी ‘पक्षकार’, असं वेगळं ठेवलं तरच अर्थ टिकतो.

नौपाडा, ठाणे : मग या न्यायालयाचे निकाल रशियाला ‘लागू’ आहेत, असं म्हणायचं का?

ऐरोली : ‘बंधनकारक’ म्हणा. ‘लागू’ म्हटलं की अंमलबजावणी झाली असं वाटतं. रशियाने जून २०२२ मध्ये कायदाच केला, की १५ मार्चनंतर अंतिम झालेले निकाल पाळणार नाही. निकाल हाती, भरपाई नाही, अशी पीडितांची अवस्था आहे. १६ सप्टेंबरनंतरच्या छळाची तक्रार तर स्ट्रासबुर्गला करताच येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीचं दार उघडं आहे, पण तिची मतं न्यायालयाच्या निकालासारखी बंधनकारक नसतात. तिथे ‘निकाल’ न लिहिता ‘अभिमत’ लिहावं.