कबड्डीत गुडघा गेला, आता फी कोणी भरायची?

तिठ्यावरचा
मामेबहीण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकते. नाव घेत नाही, तिला अजून तिथेच दिवस काढायचेत. डावा कोपरा खेळते. बारावीनंतर कॉलेजने स्वतःहून बोलावलं, फी माफ, हॉस्टेल माफ, खेळाची शिष्यवृत्तीच म्हणा. डिसेंबरात आंतरमहाविद्यालयीन सामन्यात चढाईवाल्या मुलीचा घोटा धरायला झेपावली. बूट मॅटवर अडकला आणि अंग फिरलं. मी बाजूलाच बसलो होतो, कट्कन आवाज झालेला मलाही ऐकू आला. एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं लिगामेंट, तुटलं. एमआरआय आणि ऑपरेशन, दोन्हींसाठी आंबा घाट चढून कोल्हापूर. एकूण २ लाख १० हजार. मामाने होडीच्या इंजिनासाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले.

जूनमध्ये कॉलेज म्हणालं, सवलत ‘खेळणाऱ्या’ मुलीला असते, यंदा फी भरा. जर्सी त्यांची, सामना त्यांचा, आणि गुडघा तेवढा आमचा?

जुना कोपरारक्षक
२६ वर्षं कॉलेजात खेळ शिकवलाय, म्हणून राग आला तरी लिहितो. याला शिष्यवृत्ती म्हणू नका. संस्थाचालक आपल्या मर्जीने फी सोडतात, कागद नसतो. जिमखान्याच्या पैशात जर्सी आणि एसटीचं भाडं भागवता भागवता नाकी नऊ येतात. हिची सवलत चालू ठेवली तर नवीन मुलीला काय द्यायचं?

आणि खरं सांगा, शिमग्यापासून पाऊस पडेपर्यंत ही मंडळांकडून किती स्पर्धा खेळली? प्रकाशझोतात रात्री २ वाजेपर्यंत सामने. गुडघा तिथे खिळखिळा होतो आणि बिल कॉलेजच्या नावावर.

तिठ्यावरचा
सर, चार खेळली. त्यातली एक संस्थेच्याच पदाधिकाऱ्याच्या मंडळाची होती, तिथे कॉलेजचाच संघ उतरवला होता. तेव्हा कोणाला गुडघा आठवला नाही.

चिपळूण ते ओहायो
इथे अमेरिकेत हाच वाद सत्तर वर्षं चाललाय. १९५५ मध्ये रे डेनिसन हा कॉलेज फुटबॉलपटू सामन्यातल्या दुखापतीने गेला. बायकोने कामगारासारखी भरपाई मागितली. १९५७ मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली, कारण काय तर कॉलेजचा धंदा फुटबॉलचा नाही. केंट वॉल्ड्रेप हा असाच कॉलेज फुटबॉलपटू १९७४ मध्ये मैदानावर लुळा पडला, त्यालाही शेवटी नकारच. १९७३ पासून जवळपास चाळीस वर्षं शिष्यवृत्ती एकेका वर्षाची असायची, प्रशिक्षकाला वाटलं तर पुढच्या वर्षी बंद. आता कुठे, १ ऑगस्ट २०२४ पासून, कॉलेज खेळांच्या पहिल्या श्रेणीतल्या (डिव्हिजन वन) कॉलेजांना दुखापतीच्या कारणाने शिष्यवृत्ती काढता येत नाही आणि कॉलेज सोडल्यावरही दोन वर्षं त्या दुखापतीचा खर्च बघावा लागतो.

जुना कोपरारक्षक
त्यांच्याकडे टीव्हीचे पैसे आहेत हो. आमच्याकडे मॅटसुद्धा शेजारच्या कॉलेजची मागून आणतात.

देवगडचो भाचो
अमेरिकेचा काय सांगतास! आमच्याकडे ढोपार मोडला की पयलो फोन गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात जाणाऱ्या गाडयेक. गाडयेचो इन्शुरन्स असता, झिलाच्या ढोपराचो नाय.

फिजिओताई
सरांचं पैशांचं गणित खोटं नाही, पण त्यातून काय होतं ते मी रोज बघते. सवलत खेळण्यावर टांगलेली असली की मुलं दुखणं लपवतात. “मॅडम, मुरगळलाय फक्त” म्हणत क्रेप बँडेज गुंडाळून उतरतात. ऑपरेशननंतर किमान नऊ महिने मैदान नको. या मुलीचं ऑपरेशन डिसेंबर-जानेवारीत झालं असेल, तर जूनमध्ये तिला ‘खेळतेस की फी भरतेस’ विचारणं म्हणजे दुसऱ्यांदा तोडायला बोलावणं आहे.

अजून एक. ऑपरेशनला लोक कर्ज काढतात, व्यायामाला नाही. आठवड्यातून तीनदा गावातून एसटीने यायचं, एक अख्खा दिवस जातो. तिसऱ्या आठवड्यात येणं बंद. मांडी काडीसारखी होते, मग कसली कबड्डी.

विम्याचा माणूस
नुसती अपघात पॉलिसी कामाची नाही. ती मुख्यतः मृत्यू नाहीतर कायमच्या अपंगत्वावर पैसे देते, लिगामेंट त्यात बसत नाही. संघाला दवाखान्याचा खर्च देणारी पॉलिसी हवी.

जुना कोपरारक्षक
विमा हवा, मान्य. फिजिओताईंचा नऊ महिन्यांचा मुद्दाही मान्य, मी स्वतः मुलांना लवकर उतरवलंय, लपवत नाही. पण सवलत कायमची नको, एक वर्ष द्या आणि पुढे बघा. तिठ्यावरचे, प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, सोबत त्या सामन्याची गुणपत्रिका जोडा. नाहीतर उद्या म्हणतील मंडळाच्या स्पर्धेत लागलं.

तिठ्यावरचा
एक वर्षच मागतोय सर. गुणपत्रिकेची झेरॉक्स काल मिळाली. उत्तरार्धात हिच्या जागी बदली खेळाडू घेतल्याची नोंद आहे. का घेतला, ते कोणी लिहिलेलं नाही.