हॅरी डीन स्टँटन 'वाया गेला' म्हणे!

रिकामटेकडा:
काल 'पॅरिस, टेक्सस' ह्या सिनेमावरच्या पोस्टखाली फिल्लमबाज यांनी एक पिंक टाकली, तिथेच उत्तर द्यायला बसलो तर ते मूळ पोस्टपेक्षा लांबलं म्हणून हा वेगळा धागा. साहेबांचं म्हणणं थोडक्यात असं की हॅरी डीन स्टँटन हा अमेरिकन नट म्हणजे वाया गेलेलं टॅलेंट, शंभरावर सिनेमे केले पण हिरो झाला तो 57व्या वर्षी, ह्याच 'पॅरिस, टेक्सस'मध्ये, ऑस्करचं साधं नॉमिनेशन नाही, आयुष्यभर दुसऱ्यांच्या सिनेमात कोपऱ्यात उभा राहिला, बिचारा.

बिचारा?? अहो, केंटकीतल्या वेस्ट अर्विन नावाच्या खेड्यात 1926 साली जन्मलेला माणूस, बाप तंबाखू पिकवायचा आणि न्हावीकामही करायचा, हा दुसऱ्या महायुद्धात नेव्हीत आचारी म्हणून गेला, ओकिनावाच्या लढाईत होता, तिथून जिवंत परत येऊन पॅसाडिना प्लेहाऊसमध्ये नाटक शिकला आणि मग 91व्या वर्षी मरेपर्यंत काम करत राहिला. साठ वर्षं! हिरो लोक दहा वर्षांत जुने होतात, मग मुलांना लाँच करत बसतात.

आणि कोपऱ्यात उभा राहिला म्हणताय तर तो कोपरा बघा ना. 'एलियन' ह्या अंतराळयानातल्या भयपटातला मेकॅनिक ब्रेट आठवा. मांजर शोधायला जातो तो सीन. वरून साखळ्या लोंबतायत, कुठूनतरी पाणी ठिबकतंय, आणि हा गडी थांबतो, टोपी काढतो आणि तोंड वर करून ते पाणी चेहऱ्यावर घेतो. बस्स. डायलॉग नाही, काही नाही. दिवसभर घाम गाळलेला कामगार दोन मिनिटं गार होतोय, आणि पुढे काय होणार ते आपल्याला माहीत असतं म्हणून पोटात गोळा येतो. हे वाया जाणं असेल तर मलाही असं वाया जायचंय.

अमेरिकन समीक्षक रॉजर एबर्टने उगाच नियम नव्हता केला, की ज्या सिनेमात दुय्यम भूमिकेत स्टँटन किंवा त्याच्यासारखाच छोट्या भूमिकांचा नट एम. एमेट वॉल्श आहे तो सिनेमा पूर्ण वाईट असूच शकत नाही.

फिल्लमबाज:
धागा काढल्याबद्दल धन्यवाद, एवढा मान घरीपण मिळत नाही. पण एबर्टचा नियम सांगताना पुढचंही सांगायचं की, 1999च्या 'वाइल्ड वाइल्ड वेस्ट'मध्ये वॉल्श होता आणि तो सिनेमा काय होता हे ज्यांनी पैसे देऊन पाहिला त्यांना विचारा. मी पाहिलाय. थिएटरात. असो.

आता मुद्दा. तुम्ही म्हणता तो खूश होता. मग 1983 ची सँटा फेची गोष्ट काय? बारमध्ये 'पॅरिस, टेक्सस'चा लेखक सॅम शेपर्ड ह्याच्यासमोर बसून हाच माणूस कुरकुरत होता की तेच तेच रोल करून कंटाळलोय, काहीतरी सुंदर, हळवं करायचंय. त्यावरूनच शेपर्डने त्याला ट्रॅव्हिसचा, म्हणजे नायकाचा रोल दिला. म्हणजे कोपऱ्यात त्याचा जीव रमत नव्हता हे तोच सांगतोय, मी नाही. तुम्ही लोक दुसऱ्याच्या तडजोडीला साधना म्हणून मोकळे होता.

आणि 'पॅरिस, टेक्सस'ला कान महोत्सवात पाम द'ओर, म्हणजे तिथलं सर्वोच्च बक्षीस मिळालं, त्यानंतर तरी रांग लागायला हवी होती का नको? काय मिळालं, तर 'प्रिटी इन पिंक'मध्ये हिरॉईन मॉली रिंगवॉल्डचा बाप. दुसरा मोठा लीड थेट 'लकी', 2017 साली, तोही तो गेल्यावर दोन आठवड्यांनी रिलीज झाला.

कॅमेऱ्याच्या_कडेला:
दोघांनाही नमस्कार. मी काही वर्षं मालिकांमध्ये इन्स्पेक्टर, डॉक्टर, वकील, मुलीकडचे काका असं सगळं केलंय त्यामुळे बोलायचा थोडा हक्क आहे असं समजतो.

तुम्ही कला कला करताय, पोटाचं कोणी बोलतच नाहीये. अमेरिकेत 1960 साली नटांनी संप केला, रोनाल्ड रेगन तेव्हा त्यांच्या युनियनचा अध्यक्ष होता, आणि त्यातून सिनेमा टीव्हीवर लागला की नटाला पुन्हा पैसे, शिवाय पेन्शन आणि आजारपणाचा विमा, हे सुरू झालं. म्हणून तिथे माणूस चाळीस वर्षं छोटे रोल करत जगू शकतो. इथे माझा एक एपिसोड आजही दुपारी रिपीट लागतो, शेजारच्या काकू हाक मारून सांगतात, आणि मला त्याचा छदाम नाही. मूळचं पेमेंट नव्वद दिवसांनी येणार होतं, ते मागायला गेलो तर प्रॉडक्शनवाला म्हणतो सर तुमचा सीन एडिटला कापला होता ना. अरे कापला तर शेजारच्या काकूंना कसा दिसतो?

गंमत बघा, 'एलियन'मध्ये ब्रेट आणि त्याचा जोडीदार पार्कर भांडतात कशावरून? इतरांना पूर्ण वाटा आणि आम्हाला अर्धा का, ह्यावरून. राक्षस नंतर येतो, आधी पगाराचा प्रश्न. मला तो सिनेमा त्यासाठीच आवडतो.

नानाची_टांग:
पैशाचं रडगाणं नको राव, इथे सिनेमावर बोलू. माझ्या मते स्टँटनने बाकी काहीच केलं नसतं आणि फक्त ट्रॅव्हिस केला असता तरी चाललं असतं. तो वाळवंटातून चालत येतो, लाल टोपी, हातात पाण्याचा कॅन, पहिली वीसेक मिनिटं तोंडातून शब्द नाही. प्रेमात इतका मोडलेला माणूस मी पडद्यावर दुसरा पाहिला नाही.

रातराणी:
प्रेमात मोडलेला??

नाना, तुम्ही शेवटपर्यंत पाहिलात की वाळवंट संपल्यावर झोप लागली? त्याची दुरावलेली बायको जेन पुरुष पैसे देऊन बायकांशी बोलतात अशा ठिकाणी काम करते, तिथे तो काचेच्या पलीकडून फोनवर तिला सांगतो ते ऐकलंत का? बायको रात्री उठून जाऊ नये म्हणून त्याने तिच्या पायाला घंटा बांधली होती. गाईच्या गळ्यातली. तिने आवाज येऊ नये म्हणून त्यात मोजा कोंबला. मग त्याने तिला स्टोव्हला बांधलं. आणि हे सगळं तो पाठ फिरवून, थकलेल्या आवाजात सांगतो आणि थिएटरभर लोक नाक पुसतात. कोणासाठी? त्याच्यासाठी!

माझा मुद्दा हाच आहे की त्या चेहऱ्यानेच घात केला. तीच गोष्ट एखाद्या दणकट, चिकण्या नटाने सांगितली असती तर तुम्ही त्याला शिव्या घातल्या असत्या.

नानाची_टांग:
आल्या, प्रत्येक धाग्यावर हेच. अहो ताई, त्याला पश्चात्ताप झालाय. म्हणून तर तो मुलाला आईकडे सोपवतो आणि स्वतः निघून जातो. ह्याहून जास्त काय करायचं माणसाने?

रातराणी:
प्रत्येक धाग्यावर नाही, जिथे घंटा बांधलेली दिसते तिथे.

माझ्या मावशीचा नवरा रोज संध्याकाळी तिच्या ऑफिसच्या गेटवर येऊन उभा राहायचा. पाऊस असो काही असो. सगळ्या बायका म्हणायच्या, किती गं काळजी घेतो. ती पाच मिनिटं उशिरा खाली आली की घरी काय व्हायचं ते आम्हाला फार नंतर कळलं. तो माणूसही असाच होता, खप्पड गाल, खाली मान, हळू बोलणं. आजही नातेवाईक त्याला गरीब स्वभावाचा म्हणतात. तर पश्चात्तापाचं मला सांगू नका. सिनेमात जेन काचेमागे बसून अनोळखी पुरुषांची दुःखं ऐकते आणि साहेब चार वर्षं भटकून येऊन मन हलकं करून निघून जातात, पोर तिच्या पदरात.

नानाची_टांग:
तुमच्या मावशीबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण त्याचा राग स्टँटनवर कशाला? उद्या निळूभाऊंनी पाटील केला म्हणून त्यांना शिव्या घालाल. (पूर्वी घालायच्याच म्हणे बायका.)

रातराणी:
राग स्टँटनवर नाहीच, तुमच्यावर आहे. स्टँटन तर काय ते बरोबर करतोय. तो त्या कबुलीत एकदाही रडून दाखवत नाही, माफ कर म्हणून गयावया करत नाही, जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगतोय. त्याला माहीत आहे तो काय सांगतोय ते. प्रेक्षकाला नाही.

रिकामटेकडा:
अरे धागा कुठे चाललाय! पण रातराणी, हे शेवटचं वाक्य माझ्या बाजूचं आहे हे लक्षात असू द्या. त्याने जन्मभर हेच केलं, 'काही न करणं'. जॅक निकल्सन त्याचा रूममेट, त्याच्या लग्नात हा बेस्ट मॅन. निकल्सनने 1966च्या एका वेस्टर्नमध्ये ह्याच्यासाठी दरोडेखोर लिहिला आणि सांगितलं की तू काही करू नकोस, कपडे काय ते करतील. तिथून ह्याला सूर सापडला.

'द स्ट्रेट स्टोरी'चा शेवट घ्या. म्हातारा भाऊ गवत कापायच्या मशीनवर बसून आयोवातून विस्कॉन्सिनला येतो, सिनेमाभर आपण त्याच्याबरोबर, आणि शेवटी मोडक्या घरातून वॉकर घेऊन बाहेर येतो कोण, तर स्टँटन. तो त्या मशीनकडे बघतो आणि विचारतो, एवढ्या लांब ह्याच्यावर आलास, मला भेटायला? आणि ओठ थरथरतात. त्याला मिळालेला वेळ इतकाच. तिथे नावाजलेला हिरो उभा केला असता तर आपण म्हटलं असतं, अरे हा पण आहे काय ह्यात! स्टँटन आला की तो भाऊच वाटतो.

लेक्सिंग्टनकर:
केंटकीतल्या लेक्सिंग्टनमधून दोन पैसे. तो इथल्याच युनिव्हर्सिटीत शिकला. 2011 पासून गावात त्याच्या नावाचा फेस्टिव्हल व्हायला लागला, मी एकदा गेलोय. ऑस्कर घेतलेल्या किती जणांच्या नावाने त्यांच्या मुलखात फेस्टिव्हल होतो ते फिल्लमबाजांनी मोजून सांगावं. मला 'लकी' तिथल्या एका मित्राने दाखवला. त्यात डायनरमध्ये ह्याच्यासमोर टॉम स्केरिट येऊन बसतो, म्हणजे 'एलियन'चा कॅप्टन, आणि दोन म्हातारे युद्धातलं बोलतात. स्टँटन बराच वेळ नुसता ऐकतो. ओकिनावा पाहिलेला माणूस ऐकतोय हे माहीत असल्यावर तो सीन वेगळाच दिसतो.

फिल्लमबाज:
बरं. सगळे मिळून अंगावर आलात, छान. 'स्ट्रेट स्टोरी'चा शेवट मान्य, तिथे दुसरा कोणी चालला नसता, लिहून घ्या, फ्रेम करून लावा. पण त्याने माझा मुद्दा पडत नाही. एका मिनिटात जो हे करतो त्याला दोन तास द्यायला हॉलिवूडला सुचलं नाही, ह्यात हॉलिवूडचा नालायकपणा आहे, आणि तुम्ही 'कोपराच बरा' म्हणून त्या नालायकपणाला हार घालताय. 'गॉडफादर टू'मध्ये तो आहे हे तरी किती जणांना माहीत? एफबीआयचा माणूस. नावसुद्धा नाही त्या पात्राला.

कॅमेऱ्याच्या_कडेला:
नाव नसलेल्या पात्राचेही तिथे पैसे येतात हो टीव्हीवर लागला की. मी परत तेच म्हणतोय.

नानाची_टांग:
तुम्ही परत तेच म्हणणार हे माहीत होतं.
ताई, ट्रॅव्हिसबद्दल मी अजून ठाम आहे. पण घंटेचा सीन काल रात्री परत लावला. जेनकडे बघत पाहिला ह्या वेळी. त्रास झाला. आता खूश?

रातराणी:
खूश कशाला, बरं झालं म्हणेन. आता 'बिग लव्ह' मालिका बघा. त्यात स्टँटन म्हणजे रोमन ग्रँट. चौदा बायकांचा धनी, स्वतःला प्रेषित म्हणवतो, कोवळ्या पोरीशी लग्न ठरवतो, आणि चेहरा तोच, खप्पड गाल, तोच हळू आवाज. तिथे एकदाही कणव येत नाही. फिल्लमबाज, तुम्हीपण बघा, त्याला तिथे 2006 पासून सलग काही वर्षं मिळाली, दोन तासांचं काय घेऊन बसलात.

फिल्लमबाज:
टीव्ही आहे तो.

रिकामटेकडा:
झालं! आता टीव्ही धरायचा नाही. उद्या म्हणाल 'अ‍ॅव्हेंजर्स'मधला वॉचमनपण धरायचा नाही, हल्क छत फोडून पडतो आणि समोर हा शांतपणे उभा.

फिल्लमबाज:
तो धरतो. तो एकटाच त्या सिनेमात माणसासारखा वागतो.